हुसेनचाचांची रेसिडेन्स

माझी सासू पहिल्यांदा हुसेनचाचांच्या समोर आली, तेव्हा त्यांनी तिला अदबीने नमस्कार केला, गुडघेदुखीची चौकशी केली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "व्हिजिट व्हिजा ना? मग एक्स्टेंशन देव नको, भाऊ." सासूने त्या रात्री आमटी दुसऱ्यांदा वाढून घेतली नाही आणि दुसऱ्या दिवशी आपल्या गावची, जोह्याची गाडी पकडली. चाचांना मात्र आपण काही वावगं बोललो असं मुळीच वाटलं नव्हतं. त्यांनी फक्त कागद तपासले होते.

रोह्यात माझा फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ हा शब्द पाटीवर आहे. आत एक पांढरा पडदा, एक स्टूल आणि दोन दिवे आहेत. हौसेने फोटो काढायला आता माझ्याकडे कुणी येत नाही, त्यासाठी ज्याच्या त्याच्या खिशात फोन आहे. येतात ते सरकारने मागितला म्हणून. चाचांचं घर दुकानामागच्या मोहल्ल्यात. उभी हयात आखातात काढून ते काही वर्षांपूर्वी कायमचे परत आले, आणि तेव्हापासून त्यांची सकाळ माझ्या बाकड्यावर जाते. मी फोटो काढतो, ते गिऱ्हाईक तपासतात.

"कान दिसू दे. दात नको. तिकडचा सायब दात बघून व्हिजा देत नाय."

गिऱ्हाईक म्हणतं, अहो, मला बँकेत द्यायचाय. चाचा म्हणतात, "बँकेत पन दात नको."

दुनियेतली माणसं धर्माने, जातीने किंवा पैशाने वेगळी होतात हे चाचांना मान्य नाही. ती व्हिशाने वेगळी होतात. तान्हं मूल म्हणजे डिपेंडंट. डोलवीच्या कारखान्यात कंत्राटावर आलेले परप्रांतीय एम्प्लॉयमेंट. नदीकाठची जमीन घेऊन बंगले बांधणारे मुंबईवाले इन्व्हेस्टर. निवडणुकीच्या तोंडावर उगवून मोहल्ल्यात शीरखुर्मा खाणारे पुढारी व्हिसा ऑन अरायव्हल. पाच घरांत तोंड घालणारी आमची मांजर मल्टिपल एन्ट्री. माझे चुलते गेले तेव्हा तिरडीपाशी उभे राहून चाचा हळूच म्हणाले, "एक्झिट लागली. फायनल." लोकांना राग आला. मला नाही आला. कारण त्या गर्दीत चुलत्यांच्या चांगुलपणाबद्दल जो तो थापा मारत होता, आणि एकटे चाचा खरं ते बोलले होते.

त्यांचं व्हिशाचं ज्ञान अफाट आहे, फक्त ते शिळं झालंय. आता पुष्कळसे व्हिसे फोनवर येतात हे त्यांना पटतच नाही. "शिक्का नाय, सही नाय, त्यो कसला व्हिजा? त्यो तर मेसेज," असं म्हणतात आणि तरुण पोरांना मुंबईच्या कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीचा पत्ता देतात. पोरं मान डोलावतात आणि फोनवरून जायचं तिथे जातात.

जोह्याच्या माझ्या मेव्हण्याचं, दिनेशचं तर त्यांनी वाटोळंच केलं. दिनेश मूर्तीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. त्याचा हात असा, की परदेशातल्या एका मंडळाने फक्त गणपतीचे डोळे काढायला त्याला बोलावलं. तिकीट त्यांचं, राहणं त्यांचं. व्हिसा मात्र व्हिजिटचा. चाचांनी त्याला माझ्या दुकानात बसवून पढवलं.

"डोळे काढलेस तर ते काम झालं. व्हिजिटवर काम चालत नाय. इचारलं तर सांग, मी निस्ता बघनार."

मुलाखतीत साहेबाने विचारलं, तिथे जाऊन काय करणार? दिनेश म्हणाला, बसून बघणार. काय बघणार? गणपती. साहेब म्हणाला, तुमच्या गावात गणपती नाहीत का? आता जिथे घरोघरी गणपती घडतात, त्या जोह्याच्या माणसाने याला काय उत्तर द्यावं? व्हिसा नाकारला. दिनेश अजूनही रोह्याला आला की दुकानात यायच्या आधी बाकड्यावर कोण आहे ते रस्त्यापलीकडून बघतो.

"खोटं बोलून जान्यापेक्षा नाय गेला तेच बरं," चाचा म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "पन लागला असता तर सोडाचा नव्हता. लागलेला व्हिजा सोडाचा नसतो."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. ते कुठून आलं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. त्यांचा स्वतःचा पहिला व्हिसा लागला तेव्हा त्यांची आई अंथरुणाला खिळली होती. सगळे म्हणाले, आठ दिवस थांब. ते थांबले नाहीत. आईच्या मातीला ते नव्हते. हे सांगताना त्यांचा आवाज तसूभरही हलला नाही, आणि मला त्यांचा त्या क्षणी फार राग आला. पुढे कळलं, की त्यांना स्वतःचा जितका राग येतो, तितका दुसऱ्या कुणालाच येत नसेल.

तिकडे ते कामगारांच्या कॅम्पात स्वयंपाकी होते. व्हिशावर मात्र 'मिस्त्री' लिहिलेलं. फॅमिली व्हिसा, म्हणजे बायकोला तिकडे राहायची रेसिडेन्स, मिळायला ठरावीक पगार आणि ठरावीक हुद्दा लागायचा. चाचा दर वर्षी अर्ज करायचे आणि दर वर्षी तो परत यायचा.

"मिस्त्रीला बायको बोलवाची मुभा नाय. मॅनेजरला हाय."

"मग मिस्त्रीने काय करायचं?" मी विचारलं.

"ओव्हरटाइम," चाचा म्हणाले.

दोन वर्षांतून एकदा महिनाभर ते घरी यायचे. मोहल्ल्यातल्या अशा सगळ्याच घरांत एक रिवाज होता. आखातातला नवरा रजेवर आला, की शोकेसमधल्या सोनेरी काठाच्या काचेच्या प्लेटी निघायच्या. त्या त्यानेच पाठवलेल्या असत. रोज कोंबडी, नवा टॉवेल, पलंगावर इस्त्रीची चादर. पोरांना दम दिलेला असे, अब्बा हायत तोवर दंगा नाय. महिना संपला, की प्लेटी पुसून पुन्हा शोकेसमध्ये आणि पोरं पुन्हा अंगणात.

चाचा कायमचे आले, तेव्हाही प्लेटी निघाल्या. महिना गेला, दोन गेले, वर्ष गेलं, प्लेट हटेना. सफियाचाची, मुलगा आसिफ, सून, सगळी स्टीलच्या ताटल्यांत जेवायची. एकट्या चाचांपुढे काच. ते स्वयंपाकघरात डोकावले, की आतलं बोलणं थांबायचं आणि सून विचारायची, "काय हवं होतं का, अब्बा?" बाजाराची पिशवी आसिफ न्यायचा. चाचांनी एकदा हट्टाने मासळी आणली, तर चाचीने कौतुकाने बघितली आणि मागच्या दाराने मांजरीला घातली. त्यांना कुणी दुखवलं नाही, कुणी उलट बोललं नाही. पाहुण्याला कोण बोलतं?

"भाऊ, माज्या घरात मी अजून व्हिजिटवर हाय," ते एकदा म्हणाले. मी हसलो. ते हसले नव्हते.

आणि मग एके सकाळी ते बाकड्यावर न बसता थेट काउंटरपाशी आले. आदल्या दिवशी म्हसळ्याहून पाहुणे आले होते. काचेच्या प्लेटी पाहुण्यांनाच पुरल्या नाहीत. चाचीने क्षणभर इकडेतिकडे बघितलं आणि आपली स्वतःची ताटली नवऱ्यापुढे सरकवली. तिच्या लग्नातली, कडेला तिचं नाव कोरलेली, एका बाजूने चेपलेली. पाहुणे गेले, तरी त्या सकाळी न्याहारीलाही तीच ताटली पुढे आली. वर चाची म्हणाली, कांदे संपलेत, येताना आना.

"रेसिडेन्स लागली, भाऊ," चाचा म्हणाले. त्या दिवशी त्यांनी एकाही गिऱ्हाइकाचे कान तपासले नाहीत.

हे सुख फार टिकलं नाही. त्यांची मुलगी फरजाना आखातातच एका इस्पितळात नर्स आहे, नवराही तिकडेच, तुटपुंज्या पगारावर. तिला दिवस गेले, जुळी आहेत असं कळलं, आणि बाळंतपणाला आईला बोलावलं. चाचा चाचीला घेऊन फोटोला आले. तिची ओढणी त्यांनी स्वतःच मागे केली.

"जरा कान दिसू दे."

"उभ्या जन्मात कोनी माजे कान बगितले नाय," चाची म्हणाली, "आता सायब बगनार."

"इचारलं तर सांग, लेकीला भेटाया आलीय. काम करनार नाय म्हनून सांग."

"जुळ्यांचं करायचं म्हंजे काम नाय?"

"नाय," चाचा म्हणाले. "व्हिजिटवर काम चालत नाय."

चाची गेली. जुळी झाली. एक एक्स्टेंशन झालं, मग दुसरं. फरजानाच्या शिफ्टा सुरू झाल्या. पोरं आजीशिवाय राहीनात. इकडे सुनेने सासऱ्यांचा मान राखायचा म्हणून पुन्हा शोकेस उघडलं आणि काचेची प्लेट पुढे ठेवली. चाचा तिच्यातच जेवले. कुणी मानाने वागवत असताना तक्रार कोणत्या तोंडाने करायची?

मग तो फोन आला. चाचा माझ्याच दुकानात होते आणि फोन नेहमीप्रमाणे स्पीकरवर, कारण कानाला लावला की त्यांना ऐकू येत नाही. चाचीचा आवाज लांबून आला.

"फरजानाच्या पगारावर एकाची रेसिडेन्स बसते म्हनतात. दोघांची नाय बसत. माजी लागलीय. काय करू? राहू का येव?"

ज्या कागदासाठी या माणसाने दर वर्षी अर्ज केला होता, तो कागद आता तिच्या हातात होता, आणि त्यात तो नव्हता. चाचांनी समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघितलं.

"लागलेला व्हिजा सोडाचा नसतो," ते म्हणाले.

 मग चाची म्हणाली, "बरं."

माझी बायको चहा घेऊन दारात उभी होती. चाचा गेल्यावर ती म्हणाली, "बाई 'राहू का' असं विचारते, तेव्हा तिला 'ये' ऐकायचं असतं." मी म्हटलं, हे त्यांना सांगू नकोस. ती म्हणाली, "त्यांना कळलं नसेल असं वाटतं तुम्हाला?" आणि कप विसळायला निघून गेली. माझा त्या दिवशी सगळ्यांवर राग होता. पगाराच्या अटी घालणाऱ्यांवर, न मागता मान देणाऱ्या सुनेवर, आणि सगळ्यात जास्त या अडाणी म्हाताऱ्यावर, ज्याला साधं 'ये' म्हणता आलं नाही.

गेल्या आठवड्यात चाचा आले ते इस्त्रीचा सदरा घालून. हातात कापडी पिशवी. बाकड्यावर बसले नाहीत, सरळ आत जाऊन स्टुलावर बसले.

"फोटू काढ. पांढरी पाठ."

"कुठच्या व्हिजावर?" मी त्यांच्याच सुरात विचारलं.

"व्हिजिट."

"कुणाला भेटायला?"

तोंडातून गेल्यावर मला माझीच लाज वाटली. चाचांनी मात्र तो प्रश्न साहेबाने विचारल्यासारखा घेतला आणि ताठ बसून उत्तर दिलं.

"बायकोला."

मी दिव्यांशी खटपट करत राहिलो. त्यांनी पिशवीतून एक ताटली काढली. चेपलेली, कडेला सफियाचाचीचं नाव असलेली.

"ही बॅगेत घालनार," ते म्हणाले. "तिकडं मी मेहमान. जावई काचेची काढील. मी सफियाच्या हातात ही देनार. सांगनार, हिच्यात वाढ."

मी दिवे लावले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "कान दिसू द्या, चाचा." त्यांनी टोपी मागे सारली, ओठ मिटले आणि ताटली दोन्ही हातांनी मांडीवर धरून समोर बघत राहिले. फोटोत ती येणार नव्हती.