टेंबे समक्ष जातात

आमच्या ऑफिसातले टेंबे माणसांना अरे-तुरे करतात आणि मशीनला अहो-जाहो. मी कामावर रुजू झाले त्याच दिवशी ते मला म्हणाले, "अगं सावंत, सरक जरा." मी सरकले. मग माझ्यामागच्या प्रिंटरकडे वळून त्यांनी हळुवारपणे विचारलं, "आपल्याला कागद हवाय का?"

टेंबे आमच्याकडे नेटवर्क सांभाळतात. ऑफिस दिल्लीत, सरोजिनी नगरच्या जवळ, आणि सर्व्हर मात्र गाझियाबादला एका गोदामासारख्या इमारतीत. तिथल्या कपाटाचं दार उघडण्याआधी टेंबे दोन बोटांनी टकटक करतात आणि म्हणतात, "येऊ का?" एकदा मेरठहून एसी दुरुस्त करायला आलेल्या माणसाला वाटलं, हा काहीतरी मंत्र आहे. त्यानेही एसीपुढे हात जोडले. एसी सुरू झाला. ही गोष्ट टेंबे अजून सांगतात. त्या माणसाने आधी गॅस भरला होता, हे सांगत नाहीत.

त्यांचा आवडता शब्द 'समक्ष'. सर्व्हर अडकला की आम्ही म्हणायचो, तिथल्या गार्डला फोन करा, तो बटण दाबेल. टेंबे दुखावल्यासारखे बघायचे. "आजारी माणसाला फोनवर बघतात का? समक्ष गेलं पाहिजे." मग बॅग उचलून मेट्रो, पुढे शेअर ऑटो, आणि बटण दाबून संध्याकाळी परत. चेहऱ्यावर असं समाधान की जणू बाळंतीण सुखरूप आहे.

अशात तो स्विच आला. चपटा डबा, फार काही देखणा नाही. पण सगळ्या सर्व्हरच्या वायरी त्याला जोडल्या की घरी बसून कुठल्याही सर्व्हरचा पडदा आपल्या लॅपटॉपवर आणता येतो, अडकलेला सर्व्हर उठवता येतो. फक्त एकदा त्या स्विचमध्ये नेटवर्कची सेटिंग्ज भरायची होती. अर्ध्या तासाचं काम.

टेंबेंनी ते काही महिने केलं नाही. आधी स्विचबद्दल म्हणाले, त्यांना दिल्लीची हवा मानवू दे. मग अमावस्या निघाली. मग पितृपंधरवडा. खोक्यावर ते स्वतःचा चहाचा कप ठेवायला लागले. संचालकांनी विचारलं, "टेंबेजी, स्विच लगा?" टेंबे म्हणाले, "सर, बिल्कुल. मन बना रहे हैं." मन कोणाचं, ते संचालकांनी विचारलं नाही.

मीच एकदा म्हणाले, "द्या, मी भरते सेटिंग्ज."

"तुला येतात?"

"वाचून करीन."

"वाचून करणार," टेंबे म्हणाले, आणि मला समोर बसवून आर. के. पुरमचा नकाशा काढला. ते तिथेच सरकारी क्वार्टरमध्ये एकटे राहायचे. "हे बघ. आयपी अ‍ॅड्रेस म्हणजे क्वार्टर नंबर. सबनेट मास्क म्हणजे आपला सेक्टर कुठवर, ते. आणि गेटवे म्हणजे कॉलनीचं फाटक. सेक्टरच्या आत कुणालाही भेट. बाहेर पडायचं तर फाटकातूनच. फाटक चुकलं की आत मजेत, आणि जगाला मेलास." मला त्या एका कागदावर जे समजलं, ते पूर्ण कोर्समध्ये समजलं नव्हतं. पण खोकं त्यांनी मला दिलं नाही.

मग कराडला माझी आई बाथरूममध्ये घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन, आणि पुढे बराच काळ कुणीतरी जवळ हवं. घरात मी एकटीच मुलगी. संचालक वाईट नव्हते, पण विभागात माणसं दोनच, टेंबे आणि मी. ते म्हणाले, आठवडाभर रजा देतो. त्यापुढे तिथून काम करता आलं तर बघू, पण सर्व्हर तर इथे आहेत.

मी जागेवर येऊन बसले. टेंबेंनी सगळं ऐकलं होतं. "अच्छा," एवढंच म्हणाले. मग खोक्यावरचा कप उचलला, खोकं काखेत मारलं आणि म्हणाले, "चल सावंत. समक्ष जाऊ."

मी गाझियाबादला पहिल्यांदाच जात होते. दारावर गार्ड होता, शिंदे, लष्करातून निवृत्त झालेला, माण तालुक्याचा. टेंबेंना बघून तो खुर्चीतून उठला. "आज बुधवारी कसे काय, साहेब? सर्व्हर तर गुरुवारी बंद पडतो."

"गुरुवारीच?" मी विचारलं.

"हमेशा. आमची मंडळी गुरुवारी भाकऱ्या जास्त टाकते ना. साहेब येतात, आम्ही जेवतो, मग साहेब बटण दाबतात."

टेंबे एकदम कपाटाकडे वळले. "येऊ का?"

स्विच बसला, वायरी लागल्या. टेंबेंनी लॅपटॉप केबलने जोडला आणि स्विचला समजावू लागले. "आजवर आपल्याला जो पत्ता मिळेल तो आपण घेत होता. ते आता बंद. आता आपला कायमचा पत्ता." क्वार्टर भरलं, सेक्टर भरला, फाटक भरलं. सेव्ह केलं. स्विच बंद होऊन पुन्हा सुरू झाला. खोलीतल्या लॅपटॉपला त्याने उत्तर दिलं. मग मी माझा लॅपटॉप घेऊन बाहेर गेले आणि मोबाइलच्या नेटवरून, ऑफिसच्या नेटवर्कमार्गे, त्याला हाक मारली. काहीच नाही. पुन्हा मारली. नाही.

"आत बोलतायत, बाहेर गप्प," टेंबे म्हणाले. "म्हणजे फाटक चुकलं." मी आत येऊन त्यांच्या लॅपटॉपवर पाहिलं. गेटवेच्या शेवटी त्यांनी आर. के. पुरममधल्या स्वतःच्या क्वार्टरचा नंबर टाकला होता. मी दाखवल्यावर टेंबे चष्मा पुसत बसले. मग स्विचला म्हणाले, "माफ करा. माझ्याच घरी न्यायला निघालो होतो आपल्याला." शिंदेला हसू आवरेना.

नंबर सुधारला. मी पुन्हा बाहेर गेले आणि बाहेरूनच ओरडले, "दिसतोय." सर्व्हरचा निळा पडदा माझ्या लॅपटॉपवर होता. माउस हलवला की तिथे बाण हलत होता. कराडहून हे सगळं जमणार होतं. मला रडू आलं, म्हणून मी जरा उशिराच आत गेले.

आत शिंदे विचारत होता, "म्हणजे साहेब, आता तुम्हाला यायला नको?"

"नको," टेंबे म्हणाले. "त्यासाठीच तर बसवलं यांना."

"मग गुरुवारी?"

टेंबेंनी कपाटाचं दार लावून घेतलं. "आता गुरुवारी बंद नाही पडणार ते."

परतताना मेट्रोत ते माझ्याशी फक्त पासवर्डबद्दल बोलले.

कराडला आईचं ऑपरेशन नीट झालं. ती वॉकर घेऊन चालायला लागली, आणि मी ओटीवर लॅपटॉप मांडून काम करू लागले. एका गुरुवारी दुपारी सर्व्हरचा पडदा उघडा होता आणि त्यावरचा बाण आपोआप हलायला लागला. मी हात उचलून बघितलं. मी हलवत नव्हते. मग लक्षात आलं, त्या स्विचवर दोघांनी एकच सर्व्हर उघडला की दोघांना एकच पडदा दिसतो. बाणाने जाऊन नोटपॅड उघडलं. इंग्रजी अक्षरांत मराठी उमटू लागलं.

"मी टेंबे. सर्व्हर ठीक आहेत. सहज आलो होतो. आई कशी आहे?"

मी लिहिलं, "चालतेय आता."

 मग आलं, "जेवलीस का?"

मी आईबरोबर नुकतीच जेवून उठले होते. लिहिलं, "नाही अजून. तुम्ही?"

"डबा समोर आहे."

"मग बसू या."

"थांब, उघडतो," टेंबेंनी लिहिलं.

मी आत जाऊन ताटलीत थोडा भात घेतला आणि लॅपटॉपसमोर येऊन बसले. त्यानंतर पडद्यावर कुणीच काही लिहिलं नाही.