लोखंडे सरांचं वायरिंग

लोखंडे सरांसमोर पायावर पाय टाकून बसायची सौंसरमध्ये कोणाची हिंमत नव्हती. बसलात, की सर पिशवीतून फळा पुसायचं डस्टर काढायचे आणि बोलता बोलता त्याची लाकडी कड तुमच्या गुडघ्याच्या वाटीखाली टक् करून मारायचे. पाय आपसूक उडायचा. सर खूश व्हायचे.

"तुम्ही नाई उडवला. मेंदूलेही विचारलं नाई. पाठीच्या कण्यातून परस्पर हुकूम सुटला. सगळं वायरिंग आहे, मास्तर."

मास्तर म्हणजे मी. ते शाळेत जीवशास्त्र शिकवत, मी इतिहास, आणि आमच्या घरांची भिंत एक होती. त्यामुळे माझे गुडघे त्यांच्या जास्त सरावाचे झाले होते.

त्यांच्या मुलीला, कुंदाला, पाहायला नागपूरहून पाहुणे आले, तेव्हा नवरामुलगा बिचारा ऐटीत पायावर पाय टाकून बसला. व्हायचं तेच झालं. स्टुलावरची पोह्यांची बशी थेट त्याच्या वडिलांच्या धोतरावर. दाराआड काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, कपाळाला हात लावला. सरांनी मात्र मुलाची पाठ थोपटली आणि जाहीर केलं की मुलगा पसंत आहे, मज्जारज्जू ठणठणीत आहे. एवढं होऊनही ते लग्न जमलं, याचं मला आजही नवल वाटतं.

'मन' हा शब्द सरांना खपत नसे. मी नवा असताना एकदा म्हणालो, की या गावात अजून मन लागत नाही. तर म्हणाले, "मन कुठं असते? मी इतके बेंडकं फाडले, एकातही नाई सापडलं." जवळच्या रामाकोन्याचा एखादा शेतकरी बाजार करून गाडीत आडवा व्हायचा आणि बैल त्याला बरोबर अंगणात नेऊन उभे करायचे. लोक म्हणत, मुक्या जनावराची माया. सर म्हणत, वायरिंग. रोजच्या वाटेने बैलाच्या मेंदूत चाकोरी पडते, बस्स.

काकू चुलीपाशी भाकर थापता थापता विचारायच्या, "अन् तुमी शाळेतून बराबर घरी येता, थे काय आहे मंग?"

सर पाट ओढून जेवायला बसत. काकूंच्या हातात भरगच्च हिरव्या काचेच्या बांगड्या असायच्या. भाकर थापताना त्या अशा वाजायच्या, की भिंतीअलीकडे आम्हालाही भूक लागायची.

त्यांच्याकडे भुरी नावाची म्हैस होती. तिचं रेडकू गेलं तेव्हापासून ती फक्त काकूंच्या हाताला दूध द्यायची. दुसऱ्याने कासेला हात लावला, की पान्हा वर ओढून घ्यायची. कुंदाचे दिवस भरत आले. नागपूरच्या डॉक्टरांनी बसचा प्रवास नको म्हणून सांगितलं, तेव्हा काकूंनीच तिकडे जायचं ठरलं. पण काकूंचा पाय निघेना. म्हशीचं कसं? सर म्हणाले, त्यात काय आहे. कास चोळली की तंतूंवाटे मेंदूला खबर जाते, मेंदू रक्तात एक रस सोडतो, तो कासेत पोचला की दूध उतरते. हात कोणाचा आहे हे कोण विचारते? तू बिनघोर जा.

काकू गेल्या. आणि भुरीने विचारलं.

पहिल्या संध्याकाळी तिने बादली उडवली, दुसऱ्या दिवशी सरांना. मी हळूच सुचवलं, की काकूंना बोलावून घ्यावं. सर एकदम गंभीर झाले. म्हैस अडली हे कळलं तर ती पहिल्या बसने येईल आणि पोरगी तिथं एकटी पडेल. काही झालं तरी तिच्या कानावर घालायचं नाही. गल्लीतले लोक म्हणाले, दृष्ट लागली, जामसांवलीच्या देवळात नारळ फोडा. सर काकूंचं लुगडं नेसले. डोक्यावर पदर घेऊन, मिशांसकट गोठ्यात शिरले. भुरीने वळून एकदा पाहिलं आणि शेपटीचा फटकारा दिला. भिंतीवरून माझी बायको पाहत होती, ती हसून हसून खाली बसली.

मग सरांचं डोकं चाललं. म्हशीच्या मेंदूत खबर एकट्या कासेतून थोडीच जाते? कानाचीही तार तिथेच जोडलेली. त्यांनी ट्रंकेतून काकूंच्या ठेवणीतल्या बांगड्या काढल्या. त्या मनगटात शिरेनात, म्हणून सुतळीत ओवून हाताला बांधल्या आणि धार काढायला बसले. बांगड्या वाजल्या, भुरीने कान टवकारले आणि बादलीत चुर्र आवाज आला. सरांनी मला गोठ्यातूनच हाक मारली आणि तिथेच उभ्या उभ्या पूर्ण तास घेतला.

कुंदाला मुलगी झाली. बाळ अशक्त होतं, काकूंचा मुक्काम लांबला. सर नागपूरच्या बसच्या कंडक्टरजवळ दर आठवड्याला निरोप द्यायचे: इकडे सगळं झकास, म्हैस दूध देऊन राहिली, घाई करू नको. पुढे भुरी आटली आणि सरांनी तिला रामाकोन्याला भावाच्या शेतावर धाडून दिलं.

एका रविवारी दुपारी बायकोने सरांसाठी भाकर आणि झुणका दिला. ती रोजच देत असे. डबा घेऊन अंगणात गेलो, तर आतून बांगड्यांचा आवाज. काकू आल्या वाटतं, म्हणून मी आनंदाने आत डोकावलो.

सर एकटेच चुलीसमोर पाटावर बसले होते. चूल थंड होती. पुढ्यात आदल्या दिवशीची भाकर, तशीच. डाव्या हाताने ते ती सुतळी हलवत होते, आणि उजव्या हातात घास होता.

मी म्हणालो, "सर, भुरी तर रामाकोन्याला आहे."

ते दचकले नाहीत. घास खाली ठेवला. "मले जेवण जाऊन नाई राहिलं, मास्तर. आवाज झाल्याबिगर तोंडाले पाणीच सुटत नाई." मग म्हणाले, "कंडक्टरले सांगू नका. थे पोरीले टाकून येईल."

 या माणसाला बेडकात मन सापडलं नव्हतं, यात काही आश्चर्य नव्हतं; ते नागपूरला होतं. मी डबा उघडला, ताजी भाकर त्यांच्या ताटात वाढली, समोर मांडी घातली आणि त्यांच्या हातातली सुतळी घेतली.

"तुम्ही जेवा सर, मी वाजवतो."

मी वाजवू लागलो. सरांनी डोळे मिटून क्षणभर ऐकलं आणि मान हलवली.

"इतक्या जोरानं नाई, मास्तर," ते म्हणाले. "थे भाकर थापते. ढोल नाई वाजवत."

मी हात हलका केला. मग सर जेवले.