हायडीला आत्ताच सांगू नका

रविवारी सकाळी सहाला हायडी पाणी प्यायला उठली, तेव्हा फ्रिजवर चुंबकाखाली एक चिठ्ठी होती. अक्षर वडिलांचं. अडतीस वर्षं लोकांची पत्रं वाटलेल्या माणसाचं असावं तसं, ठळक आणि सुटं सुटं.

'रविवार. सरप्राइज! साडेअकराला निघायचं. हायडीला आत्ताच सांगू नका.'

तिने चिठ्ठी दोनदा वाचली. मग पाणी न पिताच खोलीत परत गेली, दार लावलं आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिली. आज तिला सेहेचाळिसावं संपून सत्तेचाळिसावं लागत होतं.

वाढदिवस हे खातं आईचं होतं. केक आई आणायची, कार्ड आई लिहायची, आणि नॉर्बर्ट सगळ्यात खाली 'डॅड' एवढी सही करायचा, पार्सल मिळाल्याची करावी तशी. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. या सहाही वर्षांत हायडीने त्या दिवशी आपणच वडिलांना फोन केला होता. "डॅड, छपराची पन्हाळ साफ केलीस का?" असं काहीतरी विचारायचं. तो पन्हाळीबद्दल पाच मिनिटं मन लावून बोलायचा. मग ती "बरं, ठेवते" म्हणायची. आज माझा वाढदिवस आहे, हे तिने एकदाही सांगितलं नाही. मागून घेतलेल्या शुभेच्छांना काय चव, असं तिचं मत होतं. शिवाय ती त्याचीच मुलगी होती. नेमकं सांगायचं तेच न सांगण्यात त्या घराण्याचा हात धरणारं कुणी नव्हतं.

आणि आता ही चिठ्ठी.

न्हाणीघरातून नॉर्बर्टची शीळ ऐकू येत होती. त्याच्या आयुष्यातला तो शेवटचा दिवस होता. पण हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, त्याला तर मुळीच नाही. तो दाढी करत होता.

दर मार्चमध्ये नॉर्बर्ट आणि त्याचे दोन मित्र मिलवॉकीचा बर्फ मागे टाकून आठवडाभर ॲरिझोनात भाड्याच्या घरी येत. सकाळी डोंगर, दुपारी बेसबॉल, संध्याकाळी नाइटलाइफ, असा कार्यक्रम. बेसबॉल म्हणजे हंगामाआधीचे सराव सामने. त्यांच्या निकालाला कुठेच किंमत नसते आणि त्यावरून म्हातारे लोक आठ-आठ दिवस एकमेकांशी अबोला धरतात. गाडी नेहमी गस चालवायचा, कारण तो शहर बसचा निवृत्त ड्रायव्हर. यंदा त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून रजा काढून हायडी आली होती. तिसरा ऑर्व्हिल. तो न्हावी. दुकान मुलाला देऊन बारा वर्षं झाली, तरी खिशात कंगवा असायचाच.

हायडीने पांढरी पँट घातली. समारंभासाठी नाही म्हटलं तरी तीच एक बरी होती.

"डोंगरावर ही?" नॉर्बर्ट म्हणाला.

"का? चांगली दिसत नाही?"

"दिसते की. पण डोंगर पांढरा नाहीये."

डोंगर लालसर होता आणि फार उंच नव्हता. हायडी पुढे चालत होती. मागून गस आणि ऑर्व्हिलची कुजबुज येत होती. दोघांनाही आपण कुजबुजतो आहोत असं वाटत होतं, एवढंच. प्रत्यक्षात ती पायथ्यापर्यंत ऐकू जात असावी.

"नॉर्बर्टने सांगितलं का तिला?"

"छे. म्हणतो, गाडीत बसल्यावर बघू."

"भडकणार ती."

"भडकू दे. एकदा पोचलो की काय करणार आहे?"

हायडीने मान वळवली नाही. चेहऱ्यावरचं हसू लपवण्यासाठी तिने वाट सोडून एका निवडुंगाकडे निरखून बघितल्यासारखं केलं. तो चोया जातीचा निघाला. त्याचा लिंबाएवढा काटेरी गोळा सुटून तिच्या पांढऱ्या पँटला मांडीपाशी चिकटला.

"हलू नकोस!" ऑर्व्हिल धावत आला. "हाताने काढायचा नाही. हात लावलास तर हाताला येईल. उडी मारते ही चोया."

"झाडं उडी मारत नाहीत, ऑर्व्हिलअंकल."

"हे मला नको सांगू. तिला सांग." त्याने खिशातून कंगवा काढला, एक डोळा मिटला आणि सफाईने गोळा उडवला. तो गसच्या टोपीवर बसला.

"माझ्या ऑपरेशनच्या डोळ्याकडे आला असता म्हणजे?" गस ओरडला.

"मग डोळ्याचा भांग पाडून दिला असता. फुकट."

एरवी हायडीने अशा वेळी तिघांनाही चार शब्द सुनावले असते. आज ती नुसती हसली. पँटला सात भोकं पडली होती. "असू दे," ती म्हणाली. "मजा येतेय."

तिघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

न्याहारीला तिने काही खाल्लं नाही. पुढे केक असणार, तो पोटभर खाल्ला पाहिजे, नाहीतर वडिलांना वाईट वाटेल, असा तिचा हिशेब. "भूक नाही," असं तिने सांगितलं. नॉर्बर्टने अंड्याची बशी तिच्याकडे सरकवली, थोडी वाट पाहिली आणि परत आपल्याकडे ओढली. सव्वाअकराला ऑर्व्हिल "आलोच" म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि एक गोल, चपटा खोका घेऊन आला.

"त्यात काय आहे?" तिने विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

ऑर्व्हिल कानापर्यंत लाल झाला. "खासगी आहे."

"बरं, बरं. मी नाही विचारत."

"त्यावर काही ठेवू नका म्हणजे झालं," तो म्हणाला आणि खोका मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसला.

आदल्या दिवशी दोन तास रहदारीत अडकल्यावर हायडीने जाहीर केलं होतं, की उद्यापासून वीस मिनिटांच्या पलीकडे मी गाडी नेणार नाही, तुमची टीम चंद्रावर खेळत असली तरी. त्यामुळे आज पत्ता कुणीच सांगितला नाही. गस शेजारी बसला आणि तोंडी रस्ता सांगू लागला.

"उजवीकडे. आता सरळ. पुढच्या स्टॉपला... म्हणजे सिग्नलला डावीकडे."

वीस मिनिटं झाली. तीस झाली. घरं विरळ झाली, संत्र्यांच्या बागा आल्या आणि गेल्या. दर दहा मिनिटांनी गस चांगला डोळा तिच्याकडे फिरवून बघत होता. हायडी गाणं गुणगुणत होती.

"कंटाळलीस का?" शेवटी नॉर्बर्टने मागून विचारलं.

"मुळीच नाही."

"पस्तीस मिनिटं झाली."

"होऊ देत ना. तासभर झाला तरी चालेल."

मागून ऑर्व्हिलची कुजबुज आली. "नॉर्बर्ट, हे बरं लक्षण नाही. माझी बायको मला सोडून गेली ना, त्याच्या आदल्या आठवड्यात अशीच गोड बोलत होती."

नॉर्बर्ट पुढे वाकला. "हायडी, तुझी तब्येत बरी आहे ना? सकाळपासून खाल्लं नाहीस."

"मी एकदम मजेत आहे, डॅड."

"हे बघ, आम्ही तुला आधीच सांगायला हवं होतं. चूक माझी आहे. चिठ्ठी मीच..."

"नको!" हायडी इतक्या जोरात म्हणाली की गसने सवयीने ब्रेकवर पाय दाबला. त्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता. "एक शब्द सांगू नकोस. मला काहीच माहीत नाही. तुम्ही एवढं ठरवलंय ना, तर ते तसंच होऊ दे."

नॉर्बर्ट मागे टेकला. "फारच चिडलीय," तो ऑर्व्हिलला म्हणाला.

हायडीच्या डोळ्यांत पाणी होतं. काळ्या चष्म्यामुळे ते दिसलं नाही. वडिलांनी आठवण ठेवली होती. मित्रांना सांगितलं होतं, केकची व्यवस्था केली होती, आता तर त्यांना ते पोटात ठेवणंही जमेनासं झालं होतं. एवढं सगळं त्या माणसाने तिच्यासाठी केलं होतं. ज्याला पन्हाळीवर पाच मिनिटं बोलता येत होतं आणि बायकोच्या मरणावर एक वाक्यही आलं नव्हतं, त्या माणसाने.

पंचावन्नाव्या मिनिटाला रस्त्याच्या कडेला हिरवी पाटी आली. तिच्यावर एकच शब्द होता आणि त्याखाली 'शहराची हद्द'.

सरप्राइज.

हायडीने पाटी वाचली. गाडी पाटीच्या पुढे गेली, तेव्हा तिने आरशात पाटीची मागची बाजू पाहिली. ती कोरी होती.

"हे गावाचं नाव आहे?" तिने विचारलं.

"हो ना," गस घाईघाईने म्हणाला. "मैदान इथून पाच मिनिटांवर. आपल्या टीमचा आज सरप्राइजला सामना. तू वीस मिनिटं म्हणाली होतीस, म्हणून नॉर्बर्ट म्हणाला, आधी सांगितलं तर ती गाडीच काढणार नाही. आता काय ते बोल आम्हाला. आम्ही तयार आहोत."

तिघेही खरोखर तयार होते. ऑर्व्हिलने खोका छातीशी धरला होता.

हायडीने गाडीचा वेग कमी केला. "पार्किंग कुठल्या बाजूला?" ती म्हणाली.

मैदानावर बाकं लोखंडी होती. ऑर्व्हिलने इकडेतिकडे पाहत खोका उघडला, आतून रबराची गोल गादी काढली, फुंकून फुगवली आणि डोळे मिटून तिच्यावर बसला. हायडीने दोन हॉटडॉग आणले आणि एकामागोमाग दोन्ही खाल्ले.

पाचव्या डावात धावफलकाच्या मोठ्या फळ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा झळकू लागल्या. हे प्रत्येक सामन्यात असतं. आधी कुणी आजोबा, मग कुणी जुळी भावंडं. मग मोठ्या अक्षरांत आलं: 'वाढदिवसाच्या शुभेच्छा, हायडी!'

तिने वडिलांकडे पाहिलं. नॉर्बर्ट फळ्याकडे बोट दाखवत होता, चेहरा उजळला होता. मग खालची ओळ आली: 'वय वर्षे ६.' पलीकडच्या रांगेत एक दातपडकी मुलगी बाकावर उभी राहिली.

"बघ, बघ! तुझ्याच नावाची!" नॉर्बर्ट म्हणाला. "टाळ्या वाजव की!"

हायडीने टाळ्या वाजवल्या. तो तर उभा राहून वाजवत होता.

बसल्यावर तो म्हणाला, "तू सहाची झालीस ना, तेव्हा केक मी आणला होता. तुझ्या आईला ताप होता. पत्रं वाटता वाटता घेतला आणि थैलीत ठेवला. बर्फावरून घसरलो. सगळं क्रीम विजेच्या बिलांना."

"हे मला कधी सांगितलं नाहीस."

"सांगण्यासारखं काय त्यात? तसाच घरी आणला. तू चमच्याने खाल्लास. दुसऱ्या दिवशी एक बाई म्हणाली, आयुष्यात पहिल्यांदा बिल गोड लागलं." तो स्वतःशीच हसला. मग थांबला. "तुझा वाढदिवस... मार्चमध्येच ना गं?"

"हो. मार्चमध्ये."

"मग आहे अजून वेळ," नॉर्बर्ट समाधानाने म्हणाला आणि सामना बघू लागला.

संध्याकाळी नाइटलाइफ झाली. पावणेपाचला ते नाचाच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा बँडवाले तारा जुळवत होते आणि फरशी पुसणारा माणूस त्यांना पाय वर घ्यायला सांगत होता. नॉर्बर्ट एका संथ गाण्यावर हायडीबरोबर नाचला. नाचताना त्याने तिला, शेवटच्या फलंदाजाने चेंडू का सोडायला हवा होता, ते समजावून सांगितलं. साडेसातला सगळे घरी होते.

झोपण्याआधी तिने फ्रिजवरची चिठ्ठी काढली. मागच्या बाजूला लिहिलं होतं: 'सोमवार. मेसा! मंगळवार. दूध!' मेसा हेही सामन्याचं गावच होतं.

सोमवारी सकाळी नॉर्बर्ट उठला नाही.

दहा दिवसांनी मिलवॉकीत त्याला पुरलं. मातीत अजून बर्फाचे तुकडे होते. पाद्रीबाबा गेले, पाठोपाठ बाकीचे लोक जेवणाच्या हॉलकडे वळले, आणि खड्ड्यापाशी तिघं उरली. गसच्या डोळ्यावरची पट्टी निघाली होती.

"शेवटचा दिवस छान गेला त्याचा," गस म्हणाला. "रात्री मला म्हणाला, पोरगी आज किती गोड वागली. मला तर भीती वाटली म्हणे."

"आम्हालाही वाटली," ऑर्व्हिल म्हणाला. "खरं सांग, त्या दिवशी तुला झालं तरी काय होतं?"

हायडीने सांगितलं. चिठ्ठीपासून सुरुवात केली. खोक्यापर्यंत आली, तेव्हा ऑर्व्हिलने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय ते कळेना, आणि मग गसचंही तेच झालं. हॉलच्या दारातून दोन बायका वळून बघू लागल्या.

"अगं, मग त्याला सांगितलं का नाहीस?" गस डोळे पुसत म्हणाला. "एक वाक्य होतं!"

हायडी पुढे झाली, खड्ड्याच्या कडेशी वाकली आणि पन्हाळीबद्दल विचारायची त्याच आवाजात, पण जरा मोठ्याने म्हणाली,

"डॅड, माझा वाढदिवस सोळा मार्चला असतो. लक्षात ठेव."