सगळा कागद

अर्ध्या गालाला साबण फासलेला असतानाच मामांनी मुकादमाला फोन लावला. अकराला मुख्य ऑफिसातल्या बाई साइटवर येणार होत्या आणि केबिनमध्ये कामातून गेलेल्या फाटक्या प्लास्टिकचा ढीग तसाच पडला होता.

"केबिनमधला सगळा कागद भंगारवाल्याला देऊन टाक."

"सगळा?" मुकादमाने विचारले.

"सगळा. एक कपटासुद्धा दिसता कामा नये."

"टेबलावरचा पण?"

"अरे, टेबलावरचा, खालचा, सगळा. आता काय चिठ्ठी लिहून देऊ?"

फोन ठेवल्यावर बायको म्हणाली, "सरळ प्लास्टिक म्हणायचं ना. कागद काय?"

"साइटवर प्लास्टिकला कागदच म्हणतात. तीस वर्षं म्हणतोय मी," मामा म्हणाले आणि उरलेल्या गालाकडे वळले.

मामा साइटवर सुपरवायझर होते आणि महिनाअखेरीस निवृत्त होणार होते. तीस वर्षांत त्यांनी चौदा इमारती उभ्या केल्या, पण त्यांचे नाव एकीवरही नव्हते. या शेवटच्या इमारतीवर मात्र त्यांच्या डोक्यात एक खूळ शिरले होते. ताजा स्लॅब वाळू नये म्हणून त्यावर प्लास्टिक अंथरतात; दर मजल्याला नवे आणायचे आणि जुने खड्ड्यात लोटायचे, ही रीत. मामांनी ती मोडली. एकच प्लास्टिक धुवायचे, ठिगळ लावायचे आणि वरच्या मजल्यावर न्यायचे. "कागद टाकायचा नाही" हे ते दिवसातून इतक्यांदा म्हणत, की गवंडी पाठीमागे हसत. ते हसणे मामांना ऐकू येई आणि लागेही. सहा महिन्यांच्या नोंदी त्यांनी स्वतःच्या हाताने एका फाइलीत लिहिल्या होत्या. बाईंना त्या पटल्या, तर कंपनीच्या सगळ्या साइटवर हीच पद्धत लागू होणार होती. आपल्यामागे एवढे तरी राहावे, असे मामांना फार वाटत होते.

केबिनमध्ये पाऊल टाकले आणि त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. टेबल लख्ख पुसलेले होते. फाइल नव्हती, हजेरीपुस्तक नव्हते, नकाशे नव्हते. कोपऱ्यातला प्लास्टिकचा ढीग मात्र छान घडी घालून ठेवला होता.

"कागद कुठाय?"

"दिला की. सगळा," मुकादम म्हणाला.

"मग हे काय आहे?"

"हा टाकायचा नाही, असं तुम्हीच रोज सांगता. आज म्हणालात टाक. म्हटलं, म्हणजे दुसरा असणार, लिहायचा."

मुकादमाचे काही चुकलेच नव्हते. मामांनी भंगारवाल्याला फोन केला, तर त्याचा टेम्पो कारखान्यात रिकामा होऊन परतलाही होता. तेवढ्यात वरून गवंडी उतरला; स्वयंपाकघराची भिंत कुठून उचलायची ते त्याला नकाशात बघायचे होते. नकाशाची दुसरी प्रत ऑफिसात तरी होती. फाइलीला दुसरी प्रतच नव्हती. आणि गवंड्याच्या मागोमाग बाई आत आल्या.

"नोंदी बघू या?"

"होत्या," मामांनी खरे ते सांगून टाकले. "आज सकाळीच रद्दीत गेल्या."

"बरी वेळेवर गेली रद्दी," बाई म्हणाल्या. "हातात कागद नसेल, तर मी वर काय दाखवू?"

"कागद आहे की," मुकादम म्हणाला आणि गवंड्याला घेऊन जिना चढला.

दोघे खाली आले ते खांद्यावर प्लास्टिकची भलीमोठी गुंडाळी घेऊन. फाटकासमोर त्यांनी ती उलगडली. ठिगळांना ठिगळे लागली होती. कडेने तेलरंगात लिहिले होते: दुसरा मजला, तारीख. तिसरा मजला, तारीख, दोन ठिगळं. असे थेट नवव्यापर्यंत.

"हे कधी लिहिलंस?" मामांनी विचारले.

"तुम्ही दर वेळी विचारायचात, हा तोच का म्हणून. लिहून ठेवलं, म्हणजे कटकट नको."

बाई एकेक तारीख वाचत कडेकडेने गेल्या आणि शेवटच्या कोपऱ्याशी थांबल्या. तिथे वीतभर अक्षरांत लिहिले होते: 'कागदमामांचा आहे. कोणी टाकू नये.'

"कागदमामा कोण?"

गवंडी आभाळाकडे बघू लागला, मुकादम स्वतःच्या चपलांकडे. आपल्याला असे नाव पडले आहे, हे मामांना आजच कळत होते. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"मी," ते म्हणाले.

बाई कितीतरी वेळ त्या ठिगळांवरून हात फिरवत राहिल्या. "फाइलीपेक्षा हे चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "हा कागद मी घेऊन जाते."

"असं कसं, बाई," कागदमामा म्हणाले. "परवा दहावा स्लॅब आहे."