सबनीसबाईंची हनुवटी

सबनीसबाईंच्या घरी मला कधी एक कप चहा मिळाला नाही. मिळायचे ते दोन अर्धे. दोन्ही कप समोर ठेवून बाई खुर्चीत टेकायच्या आणि चष्म्यावरून बघत विचारायच्या, "हं. कुठला बरा?" एकात नेहमीची पावडर, दुसऱ्यात बाजारात नवी आलेली. कुठल्यात कुठली, ते सांगायच्या नाहीत. पहिल्यांदा गेले तेव्हा मी पाहुणीच्या रीतीने "दोन्ही छान आहेत" म्हणून मोकळी झाले.

"छान हे मत झालं," बाई म्हणाल्या. "मत नंतर. आधी निरीक्षण सांग. तुमच्या अकोल्याला शिकवत नाहीत का?"

बाई मुलींच्या कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या. सदाशिव पेठेत आमच्या बिल्डिंगच्या दुसऱ्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या, आणि समोरच्या फ्लॅटमध्ये मी भाड्याने. मी रोज सकाळी कंपनीच्या बसने हिंजवडीला जायची आणि संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अर्धमेली होऊन परत यायची. बाईंनी लग्न का केलं नाही, असं बिल्डिंगमधल्या कोणीतरी एकदा धीर करून विचारलं होतं. "स्थळ एकच आलं," बाई म्हणाल्या. "तुलना कशाशी करणार?"

देशाने बाजार खुला केला त्याचे फायदे-तोटे पंडितांनी काय सांगायचे ते सांगितले, पण त्याचा निखळ आनंद मी पाहिला तो बाईंच्या घरात. "पूर्वी स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं बसायचं आणि टीव्हीवर जे लागेल ते बघायचं. बुद्धीला कामच नव्हतं," त्या म्हणायच्या. आता दुकानात दहा साबण आले आणि बाईंच्या बुद्धीला रोजगार मिळाला. उजव्या हाताला एक साबण, डाव्या हाताला दुसरा लावून त्या पोस्टमनपुढे दोन्ही हात धरायच्या. एकदा तर डाव्या पायात एका कंपनीची चप्पल आणि उजव्या पायात दुसरीची घालून तुळशीबागेपर्यंत जाऊन आल्या. वाटेत कोणी हसलं, तर "तुम्ही दोन्ही पायांत एकच घालता, तुम्हाला काय कळणार?" म्हणाल्या.

एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी माझी बेल वाजवली.

"तुझ्या कंपनीतल्या मुली केस काढायला लेसर करतात ना?"

"करतात. मीही केलंय, ओठावरचं."

"ये इकडे." त्यांनी मला ट्यूबलाइटखाली नेलं आणि हनुवटी वर केली. तिथे राठ, आखूड केस होते. काही काळे, बरेचसे पांढरे. इतके दिवस मी कपांकडेच बघत होते, त्यामुळे मला ते कधी दिसलेच नव्हते.

"आता? या वयात?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"माझं वय त्यांना कळत नाही. ते येतात. लेसर बरं की इलेक्ट्रोलिसिस, एवढंच सांग."

इलेक्ट्रोलिसिस म्हणजे केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून त्यातून वीज सोडायची आणि मूळ मारायचं. एकेक केस करत बसायचं. मी म्हटलं, "लेसरच बरं, पटकन होतं."

"मत," बाई म्हणाल्या आणि दार ओढून गेल्या.

पुढच्या शनिवारी मी त्यांना औंधच्या एका लेसर क्लिनिकमध्ये घेऊन गेले. काचेचं दार, गार हवा, सोफ्यावर मोबाइलमध्ये मान घातलेल्या माझ्याच वयाच्या मुली. काउंटरवरची पोरगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मॅम, आमचं ब्रायडल पॅकेज आहे, बघणार का?"

"बघू की," बाईच म्हणाल्या. "आधी मुलगा बघते."

आतले डॉक्टर तरुण होते. लेसरचा प्रकाश केसातला काळा रंग पकडतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर चालत नाही, असं त्यांनी नम्रपणे सांगितलं. बाईंनी त्यांना प्रकाशाबद्दल इतकं विचारलं, की तोंडी परीक्षेला बसवल्यासारखे ते खुर्चीत ताठ झाले. शेवटी बाई म्हणाल्या, "पांढऱ्यांवर चालत नाही, ते मी माझ्या डोळ्यांनी बघेन. उजव्या बाजूला मारा. डावीला हात लावायचा नाही."

डावी बाजू राखून ठेवली होती सुईसाठी. आमच्याच गल्लीच्या टोकाला एक मॅडम ते काम करायच्या. बाईंना ती जागा आवडली. भिंगाच्या दिव्याखाली आडवं पडायचं, मॅडम एका हाताने हनुवटी धरणार, दुसऱ्या हाताने सुई. "विजेचं काम आहे. म्हणजे आपल्यातलंच," बाई म्हणाल्या.

मग सगळ्या पेठेला निरीक्षणाचं काम लागलं. दारावर भाजी घेऊन येणाऱ्या मावशींपुढे बाईंनी हनुवटी आधी उजवीकडून धरली, मग डावीकडून.

"कुठली बाजू बरी?"

मावशींनी डोळे बारीक केले. "मला दोन्ही सारख्याच दिसत्यात. कोथिंबीर ताजी हाय बगा, टाकू?"

"प्रामाणिक आहेत," बाई मला म्हणाल्या आणि नको असताना कोथिंबीर घेतली.

काही महिन्यांनी निकाल लागला. लेसरच्या बाजूचे काळे केस गेले, पण पांढरे जिथल्या तिथे. सुईच्या बाजूला मात्र एकेक करत जमीन साफ होत चाललेली. बाई खुशीत होत्या. आता उजवी बाजूही सुईनेच, असं त्यांनी जाहीर केलं. त्यांना एवढी घाई का, हे मला कळत नव्हतं. सावकाश, पारखून निवडणारी ही बाई या एका बाबतीत मॅडमकडे लवकरची वेळ मागत होती.

मग एक दिवस त्या लवकर परत आल्या. मी सुट्टीवर होते. जिन्यात भेटल्या आणि सरळ आत जाऊन बसल्या. मी मागोमाग गेले.

"मॅडमनी थांबवलं," त्या म्हणाल्या. "सुई जायला हनुवटी स्थिर लागते."

मी पाहिलं. त्यांची हनुवटी अगदी बारीक हलत होती. मांडीवरचा उजवा हातही. हे आजचं नव्हतं. कप ठेवताना बशी वाजायची, ती मी कित्येक दिवस ऐकत होते.

"डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, कंप वाढत जाणार म्हणून. केस उपटायला प्लकर धरवत नाही आता."

मला वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मी काहीतरी वेडगळ बोलते. "जाऊ द्या ना बाई. चार केस ते. कोण बघतंय?"

बाई नेहमीच्याच कोरड्या आवाजात बोलायला लागल्या.

"माझी आई शेवटी अंथरुणावर होती. वाचा गेलेली. हनुवटीवर केस यायचे तिच्या, असेच. दर रविवारी मी ते काढायची. मी प्लकर घेऊन आले की ती हनुवटी वर करायची. बाकी काही कळत नव्हतं तिला. पण तेवढं करायची."

त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने दाबून धरला.

"तिला मी होते. उद्या मी आडवी झाले, तर नर्स येईल. ती औषध देईल, अंग पुसेल. हनुवटी कोण बघणार? म्हणून म्हटलं, हात चालतोय तोवर कायमचं करून टाकावं. तर एक यंत्र काळेच खातं, आणि दुसऱ्याला मी स्थिर हवी."

मला रडू आलं. ते बाईंना चाललं नसतं, म्हणून मी उठून खिडकीपाशी गेले आणि तिथूनच म्हटलं, "रविवारी येते. माझा प्लकर चांगला आहे."

"तुझा अनुभव काय?"

"दुसऱ्यावर? काहीच नाही."

"मग तुलनेला दुसरी कोणी आहे का?"

"नाही."

"हं," बाई म्हणाल्या.

रविवारी गेले तेव्हा खिडकीपाशी खुर्ची उजेडात मांडून ठेवलेली होती. चहा आला तो एकच कप, भरलेला, थोडा बशीत सांडलेला. मी तो घेतला आणि कुठली पावडर, हे विचारलं नाही. मग बाईंच्या समोर बसले. त्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि हनुवटी वर केली.

ती माझ्या तळव्यात टेकली तशी हलायची जवळजवळ थांबली. मी हळूहळू एकेक केस काढत गेले. बाई एकदाही "दुखतंय" म्हणाल्या नाहीत.

"झालं," मी शेवटी म्हटलं. "एकही राहिला नाही."

बाईंनी डोळे न उघडता हनुवटीवरून बोट फिरवलं. एका जागी थांबल्या.

"निरीक्षण कच्चं आहे तुझं. हा इथे एक आहे."

मी पुन्हा प्लकर उचलला. त्यांनी माझा हात धरून बाजूला केला आणि धरूनच ठेवला.

"राहू दे तो," त्या म्हणाल्या. "पुढच्या रविवारी यायला काहीतरी कारण नको का?"