साडूच्या बसच्या आधी

"युवराजची बस पोचायच्या आत आपण गेटवर उभं असणार," बिरदेवनं जाहीर केलं. "तो खाली उतरला की मी म्हणणार, या पाव्हणं, लय उशीर केला. बास. एवढं एकच वाक्य."

सारजा भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "पोरीला पार्क दाखवायला चाललाय का त्यांना वाक्य ऐकवायला?"

"दोन्ही," बिरदेव म्हणाला. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता.

पिंपळीच्या नाक्यावर बिरदेवचं मोटर वायंडिंगचं दुकान आहे. कुणाची विहिरीवरची मोटर जळली की ती त्याच्याकडे येते. जळलेली वस्तू समोर आली की कुठं किती जळलंय हे त्याला नुसत्या वासावरून कळतं. फक्त स्वतःच्या आत काय जळतंय ते तेवढं कळत नाही. ते सगळ्या पंचक्रोशीला कळतं. तो जळायचा एकाच माणसावर, आणि तो माणूस म्हणजे कळंबचा युवराज, सारजाच्या धाकट्या बहिणीचा, संजीवनीचा नवरा.

आता साडूवर थोडंफार जळणं कुणाला चुकलेलं नाही. पण बिरदेवची बाजू ऐकली तर तुम्हीसुद्धा हळहळाल. बिरदेवनं बोअर घेतलं, तीनशे फुटांवर नुसती ओल लागली. युवराजनं घेतलं, नव्वद फुटांवर फवारा उडाला. बिरदेवची गाय व्याली, खोंड झाला. युवराजची व्याली, कालवड. बरं, थोरला जावई बिरदेव, पण सासऱ्याला ठसका लागला तरी तोंडातून 'युवराज' हेच नाव निघायचं. आणि एवढं सगळं असून युवराज कधी तोरा मिरवायचा नाही. गोड बोलायचा, वाकून नमस्कार करायचा. हे तर बिरदेवला अजिबात सहन व्हायचं नाही.

झालं असं, की युवराजनं बारामतीच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे घाटाखालच्या त्या राईडवाल्या पार्कचं पॅकेज ठरवलं. बस, दोन दिवस पार्क, शेजारीच हॉटेलात मुक्काम, नाश्ता, जेवण, सगळं एकात. त्यानं लगेच बिरदेवला फोन केला.

"दाजी, तुमच्या तिघांच्याबी सीटा संगट काढू का? समर्थ आन् प्रतिक्षाचं कवापासनं ठरलंय."

ठरलं होतं ते खरं. युवराजचा समर्थ आणि बिरदेवची प्रतिक्षा, दोघंही अकरा वर्षांची. रोलर कोस्टरच्या पहिल्या डब्यात शेजारी शेजारी बसायचं, आणि डोळे मिटायचे नाहीत, असा दोघांनी दिवाळीतच करार केला होता. प्रतिक्षा त्यासाठी उंची वाढावी म्हणून रोज गोठ्याच्या आडव्या वाशाला लोंबकळायची. गेल्या महिन्यात तिची उंची नियमात बसली, तेव्हा तिनं शेजारच्या चार घरांत जाऊन सांगितलं होतं.

पण बिरदेवला त्या फोनमध्ये पोरगी ऐकूच आली नाही. युवराज पुढं आणि आपण त्याच्या मागच्या सीटवर, एवढंच दिसलं.

"आपल्याला पॅकेज न्हाय जमत," तो म्हणाला. "शिट्टी वाजली की बसायचं, शिट्टी वाजली की उतरायचं. आमच्या आज्यानं जन्मभर मेंढरं हाकली. आता नातवानं मेंढरू व्हायचं व्हय? आमी आपलं सुटं सुटं बुक करून जाऊ. त्याच दिवशी."

"बरं दाजी," युवराज गोड आवाजात म्हणाला. बिरदेवला तो गोडवा दिवसभर पुरला.

मग बिरदेवनं सुटं बुक केलं. सुटं म्हणजे काय, तर मोबाईलवर पार्कची तीन तिकिटं, रविवारची. मुक्कामाचं आणि जेवणाचं बुक करायची त्याला गरज वाटली नाही.

"हडपसरला आत्या हाय. चा-नाश्ता तिच्याकडं. परतीचा मुक्काम तिच्याकडं. युवराजला हाटेल लागतं, आपल्याला पावणे हायत."

ही त्याची योजना. बारामती-इंदापूरकडच्या कुठल्याही शहाण्या माणसानं हे ऐकून डोक्याला हात लावला असता. कारण आपल्याकडे पाहुण्याच्या घरात शिरणं सोपं असतं. निघणं आपल्या हातात नसतं.

रविवारी पहाटे जुन्या व्हॅनमधून तिघं निघाले. सहा वाजता हडपसर. आत्या चंद्राबाई दारातच उभी. बिरदेवनं उभ्या उभ्या चहा मागितला.

"उभ्यानं चा प्यायला तू काय पोष्टमन हायस?" आत्या म्हणाली. "बस. दोन वर्सांनी आलायस. पोरगं मटान आणायला गेलंय."

"आत्या, साडेनवाला गेटवर पोचायचंय."

"गेट कुठं पळून चाललंय?"

रविवारची सकाळ, मटणाच्या दुकानापुढं ही रांग. मटण आलं आठला. चुलीवरच शिजवायचं म्हणून आत्यानं गच्चीत चूल पेटवली. बिरदेव सारखा घड्याळाकडे बघत होता, आणि मध्येच त्यानं मोबाईल उघडला. युवराजनं स्टेटस टाकलं होतं. बसमध्ये सगळे टाळ्या वाजवतायत, युवराज खिडकीपाशी, आणि समर्थच्या शेजारची सीट रिकामी. बिरदेवला ती रिकामी सीट दिसली नाही. खिडकी दिसली.

"सारजे, आपला बी फोटू टाक," तो म्हणाला. "आत्यासंगट. वर लिही, आमी बी निघालो, आमच्या मर्जीनं, आमच्या गाडीनं. हडपसर, मग वाकड, मग तळेगाव, मग पार्क. सगळा रस्ता लिही. बघू दे त्याला."

"कशाला ते?"

"टाक म्हणतो ना."

सारजानं टाकलं. आणि तिथंच बिरदेवच्या रविवारची माती झाली. कारण ते स्टेटस युवराजनं बघितलंच, पण वाकडच्या मामांनीही बघितलं, आणि तळेगावच्या मावसभावानंही बघितलं.

आत्यानं अकराला सोडलं, तेही सारजाची ओटी भरून, बिरदेवला टॉवेल-टोपी देऊन. व्हॅन सुटली. वाकडच्या पुलाखाली बिरदेवनं गाडी जराशी हळू केली, तर समोर स्कूटर आडवी. स्कूटरवर सारजाचे मामा, डोक्याला फेटा बांधून.

"रस्त्यात गाव लिहायचं आन् गावातल्या माणसाला टाळायचं?" मामा म्हणाले. "मामी सकाळपासनं वाटण वाटतीया. चला."

"मामा, आमी जेवलोय. गळ्यापर्यंत जेवलोय."

"आत्याकडं जेवलाय. आत्या तुमची. मामा सारजाचा. का सारजाच्या माहेरचं जेवण तुमाला चालत न्हाय?"

बिरदेवनं व्हॅन स्कूटरच्या मागं घेतली. सारजा नवऱ्याकडे बघतही नव्हती. बघत होती ती मागच्या सीटवरच्या प्रतिक्षाकडे. पोरगी केसांना दोन घट्ट वेण्या घालून बसली होती. वरून उलटं झाल्यावर केस डोळ्यांवर यायला नकोत म्हणून.

वाकडला पुन्हा मटण. पुन्हा ओटी, पुन्हा टॉवेल-टोपी. निघता निघता दोन वाजले. तळेगावच्या मावसभावाचा फोन तोवर सात वेळा येऊन गेला होता.

"आपण उचलायचाच न्हाय," बिरदेव म्हणाला.

"न्हाय उचलला तर तुमच्या मावशीच्या तेराव्याला बी तो ह्येच काढंल," सारजा म्हणाली.

"मावशी धडधाकट हाय."

"म्हणूनच म्हणतीया. लय वर्सं ऐकावं लागंल."

मावसभावानं तर घराच्या दारात मांडव घालायचा तेवढा बाकी ठेवला होता. त्यानंही मटणच केलं होतं. बिरदेवनं तिसऱ्यांदा पंगतीला बसताना पट्टा एक भोक सैल केला, आणि त्या भोकानंतर पट्ट्याला भोकच नव्हतं. "बाबा, किती वाजले?" असं प्रतिक्षानं हळूच विचारलं. त्यानं खोटंच सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तो पोरीशी खोटं बोलला, आणि घास त्याच्या घशात अडकला. मावसभावाला वाटलं, तिखट झालं. त्यानं आणखी रस्सा वाढला, आणि जाताना एक मोठा डबाही भरून दिला.

घाट उतरून पार्कच्या गेटवर पोचले तेव्हा साडेपाच वाजले होते.

"एन्ट्री बंद," गेटवरचा माणूस म्हणाला.

"तिकिटं हायत आमच्याकडं."

"आजची आहेत. उद्या चालणार नाहीत."

प्रतिक्षा रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती कुंपणाच्या जाळीला नाक लावून उभी राहिली. आत, वर, तो रोलर कोस्टर शेवटच्या फेरीला चालला होता. त्यातल्या लोकांच्या किंचाळ्या इथवर ऐकू येत होत्या. सारजानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. बिरदेवला वाटलं, हिनं शिव्या दिल्या असत्या तर आपण निदान भांडलो तरी असतो.

तेवढ्यात गेटातून माणसांचा लोंढा बाहेर पडला. शिट्टी वाजली. पुढं गाईड, मागं पॅकेजची माणसं, आणि त्यात समर्थचा हात धरून युवराज.

बिरदेवनं एका क्षणात निर्णय घेतला. तो व्हॅनखाली शिरला.

तीन वेळचं जेवण पोटात असताना व्हॅनखाली शिरणं सोपं नसतं. तो शिरला आणि अडकला. वर सायलेन्सर, खाली डांबर. तिथून त्याला फक्त पाय दिसत होते. आधी ओले बूट आले.

"दाजी?" बुटांनी विचारलं. "खाली काय बघताय?"

"ऑइल गळतंय," बिरदेव म्हणाला. "तू जा म्होरं. तुमची शिट्टी वाजली."

"कवा पोचला?"

"आत्ताच." मग त्याला स्वतःचीच चीड आली. "व्हय, आत्ताच. साडेपाचला. पार्क बंद झाल्यावर. आता हस पोटभर."

युवराज हसला नाही. बिरदेवनं वाट बघितली. एखादा टोमणा आला असता तर साडूपणाचा हिशोब तरी चुकता झाला असता.

"दाजी, आमचं पॅकेज उद्याबी हाय. तुमच्या तीन सीटा मी तवाच काढल्या होत्या. म्हणलं, तुमचं मन बदललं तर असाव्यात. समर्थनं शेजारी कुणाला बसू दिलं न्हाय. आजबी तो रोलर कोस्टरमधी बसला न्हाय. म्हणला, करार हाय."

एखाद्या माणसानं किती चांगलं असावं याला काही मर्यादा? बिरदेवला वाटलं, हा माणूस आपल्याला मारून टाकणार.

"आमाला कुणाचं फुकटचं नको," तो म्हणाला. "आमी हडपसरला परत चाललो."

तेव्हा बुटांच्या शेजारी दोन छोट्या चपला येऊन उभ्या राहिल्या. पोरगी नुसती उभी राहिली, आणि एका पायाचा अंगठा दुसऱ्या पायावर घासत राहिली. ती खूप काही मागायचं असलं आणि मागता येत नसलं की असंच करायची. बिरदेव त्या अंगठ्याकडे बघत राहिला.

"खरं सांगू दाजी?" युवराज खाली बसला, आणि त्याचा चेहरा पहिल्यांदा व्हॅनखाली दिसला. तो पडलेला होता. "सकाळपासनं मन लागलं न्हाय माझं. सारजाताईंचं स्टेटस बघितलं ना, तवापासनं. मग मामीचा फोन आला, तुमच्यासाठी मामा फेटा बांधून रस्त्यावर उभा राहिला म्हणं. तो संजीवनीचाबी मामा हाय की. मी काल फोन केला, मामा, उद्या आमची बस तुमच्या दारावरनं जाणार. तर म्हणला, बरं बरं, सावकाश जावा. एवढंच. आमच्यासाठी कुणी आडवी घातली न्हाय स्कूटर. तुमी कुठं बी जा, लोक वाढायला तयार. आमाला सकाळपासनं बटाट्याची भाजी."

बिरदेवनं ते ऐकलं. नीट ऐकू आलं होतं, तरी तो म्हणाला, "काय म्हणालास?"

युवराजनं पुन्हा सगळं सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना त्याच्या आवाजात जळका वास आला, आणि त्या वासात बिरदेवची चूक होणं शक्यच नव्हतं. नव्वद फुटांवर पाणी लागलेला माणूस त्याच्यावर जळत होता. पंधरा वर्षांत बिरदेवच्या जिवाला इतकं गार कधीच वाटलं नव्हतं.

"प्रतिक्षा," त्यानं खालूनच मोठ्या मनानं सांगितलं, "जा. समर्थसंगट बस. उद्या पहिला डबा तुमचा."

चपला धावत सुटल्या. सारजा पदरानं डोळे पुसत हसली, आणि युवराजनं साडूला दोन्ही पाय धरून बाहेर ओढलं. बाहेर येताच बिरदेवनं तिन्ही ठिकाणचं जेवण अगदी सावकाश, चवीचवीनं वर्णन करून सांगितलं. आत्याचा चुलीवरचा रस्सा, मामीचं वाटण, काहीही सोडलं नाही. युवराज आवंढे गिळत होता.

"बिचारा," बिरदेव सारजाला म्हणाला. "तळेगावचा डबा दे त्याला. खाऊ दे. आपल्याला काय कमी हाय?"

युवराज तिथंच फुटपाथवर डबा उघडून बसला. चार घास झाल्यावर त्यानं रश्श्यात बोटं घातली आणि पाहुण्याला मानानं वाढतात तसली भली जाडजूड नळी बाहेर काढली. ती फुटपाथच्या कडेवर दोनदा आपटून तोंडाला लावली, तर आतला सगळा मगज एका दमात सर्रकन आला. त्यानं डोळे मिटले.

बिरदेव त्या नळीकडे बघत राहिला. तीन घरी जेवला होता तो. तीन घरी, आग्रह करकरून. एकाही ताटात त्याला नळी आली नव्हती.