धोका पत्करण्याची पूर्वपरवानगी

पोलिसाच्या नोकरीत धोका जास्त की फायदा जास्त, या प्रश्नाचा निकाल हवालदारांच्या घरात अजून लागला नव्हता. बायको पहिल्यापासून धोक्याच्या बाजूने होती. हवालदार बढतीच्या आशेवर फायद्याची बाजू लावून धरत. फौजदार होऊन निवृत्त व्हायचं, एवढी एकच हौस त्यांना उरली होती. यंदा बढती अगदी तोंडाशी आली आणि नेमका त्याच आठवड्यात भर बाजारात एका चोराने त्यांच्यावर चाकू चालवला.

हवालदारांनी त्याला सोडलं नाही. हाताला टाके पडले, वर्तमानपत्रात फोटो आला आणि पाठोपाठ खात्याची नोटीसही आली. नियमाप्रमाणे जिवाला धोका संभवत असल्यास तो वरिष्ठांच्या लेखी परवानगीनेच पत्करायचा होता. हवालदारांनी तो परस्पर पत्करला होता.

चौकशी अधिकारी भला माणूस. त्यांनी आधी चहा मागवला.

"चोराला थांबायला सांगितलं होतंत?"

"सांगितलं होतं, साहेब. तो थांबला म्हणून तर चाकू लागला."

'आरोपीने सहकार्य केले,' असं साहेबांनी टिपून घेतलं. मग त्यांनीच सुटकेची वाटही दाखवली. परवानगी घ्यायला वेळ नव्हता, एवढं एखाद्या प्रतिष्ठित नागरिकाने येऊन सांगितलं, की प्रकरण मिटलं आणि बढतीही वाचली.

हवालदारांचा जीव भांड्यात पडला. अख्खा बाजार तर बघत होता! पण ज्याचा गल्ला वाचला, तो कापडवाला नेमका तेव्हा खाली वाकला होता म्हणे. समोरच्या डॉक्टरांनी सगळं मोबाइलवर टिपलं होतं, मात्र ही चौकशीची भानगड त्यांना मागे लावून घ्यायची नव्हती. पोलिसांच्या शौर्यावर भाषण ठोकणारे प्राध्यापक तर त्या दिवशी गावातच नव्हते, असं त्यांना आता आठवलं. सगळ्यांनी हवालदारांच्या पाठीवर थाप मात्र आपुलकीने मारली.

सुनावणीला एकच साक्षीदार हजर झाला. त्याला बेड्या घालून आणावं लागलं.

"साहेब, मी शेवटपर्यंत तिथेच होतो," चोर म्हणाला. "यांना वेळ नव्हताच. मी दिलाच नाही."

साक्ष खरी आहे हे साहेबांनी मोकळेपणाने मान्य केलं. साक्षीदार प्रतिष्ठित नाही, एवढीच अडचण होती. बढती रोखली गेली. घरी बायकोला वाद जिंकल्याचा आनंद काही झाला नाही. तिने ताट वाढलं आणि घास मोडता येईना तेव्हा भरवलाही.

पुढच्याच महिन्यात त्याच बाजारात एक दुकान लुटलं गेलं. लोक खवळले. पोलीस असतात तरी कुठे, असं जो तो तावातावाने विचारू लागला. विचारणाऱ्यांत आपणही होतो. सुनावणीच्या दिवशी मात्र आपल्याला जरा काम होतं.